तारेचं दुसरं टोक

हे रचलेलं आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मी वाद घालणार नाही. सावळामामा हयात असते तर तुम्हाला त्यांच्यासमोर नेऊन बसवलं असतं आणि त्यांचा उजवा तळहात बघायला लावला असता. त्यावरची आडवी खूण मी लहानपणापासून पाहत आलो. ती कशाची, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. उरलेलं त्यांचे चुलतभाऊ चिंधूमामांनी सांगितलं, तेही दोन घोट पोटात गेल्यावर.

एक आधीच सांगून ठेवतो. ही रात्रीची गोष्ट नाही. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. हे घडलं मे महिन्याच्या भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना. साल १९७४. जागा भिवंडी तालुक्यातली, मानकोलीच्या खाली खाडीच्या अंगाला असलेली केसरीनाथदादांची जमीन.

सावळामामा, म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ सावळाराम, कुंपणं घालायचे.

घराभोवती, वाडीभोवती, शेताभोवती. कामाचा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. कारण बाकीचे एकच खांब सगळीकडे ठोकत सुटायचे आणि मामा आधी माती बघायचे. चिमूटभर तोंडात टाकून थुंकायचे. लोक हसायचे. मामा म्हणायचे, "हसा. तुमचा खांब पडंल तवा मी हसंन."

केसरीनाथदादांच्या एकाच जमिनीत तीन तऱ्हा होत्या. वरचा तुकडा मुरमाड. तिथे दगडी खांब उभा करून बाजूने चिपा ठोकल्या की काम झालं. मधला तुकडा भाताचा, काळ्या चिकणमातीचा. ही माती भारी नाटकी. पावसात फुगते, उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो. उथळ पुरलेला खांब ती दोन पावसाळ्यांत वर ढकलून देते. म्हणून तिथे खैराचा खांब, बुडाला डांबर, आणि खड्डा खालचा मुरूम लागेपर्यंत खोल. निघालेली माती परत आत टाकायची नाही, मुरूम आणि खडी टाकून ठोकायची.

खालचा तुकडा खाजणाचा. नुसता खारट चिखल. तिथे लोखंड गंजतं आणि मेलेलं लाकूड कुजतं.

तिथे टिकतं ते जिवंत झाड. भेंडीच्या झाडाचे, म्हणजे भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठच्या भेंडाचे हिरवे वासे तोडून आणायचे आणि ओळीने रोवायचे. पावसाळ्यात ते मूळ धरतात. मग त्यांनाच तार बांधायची.

हे खालचं काम काशीमामीचं होतं.

काशीमामी म्हणजे मामांची बायको. ती खाडीकाठच्या गावची. चिखलात कुठे पाय द्यायचा आणि कुठे नाही, हे तिला चालता येण्याआधीच कळत असावं. मामांचा एक पाय रुतला तर दुसरा काढेपर्यंत ती पलीकडे जाऊन आलेली असायची. वासा रोवला की ती त्याच्या डोक्यावर शेणाचा गोळा थापायची, म्हणजे वासा वरून वाळत नाही. मग वाशाला धरून गोल फिरत टाचेने माती दाबायची. तिच्या प्रत्येक वाशाभोवती टाचांचं एक कडं उठलेलं असायचं. तसं कडं दुसऱ्या कुणाच्या हातून, म्हणजे पायातून, कधी उठलं नाही.

आता तारेचं सांगतो. ते नीट ध्यानात ठेवा.

मामा वरच्या टोकाला काटेरी तारेचं बंडल घेऊन बसायचे. मामी खालच्या टोकाला. मधे खाडीचं पाणी अडवणारा उंच खारबांध. त्यामुळे एकमेकांना दिसायचं नाही, आणि खाडीच्या वाऱ्यात हाक पोचायची नाही. मग दोघं तारेनेच बोलायची. एक झटका दिला की, तयार आहे, ओढ. दोन दिले की, थांब. तीन दिले की, अजून तार सोड.

मामा जोर लावून ओढायचे तेव्हा संध्याकाळी मामी बोलून घ्यायची. "आवो, तिकडं मी हाय, बैल न्हाय."

मामा हसायचे. त्या वेळी ते हसायचे, असं आई सांगते.

आधीच्या वर्षी, म्हणजे १९७३ च्या मे महिन्यात, हेच काम चालू होतं. वरचे खांब झाले, मधले झाले. मामीने खाडीकडच्या कोपऱ्यापर्यंत वासे रोवले. तार बांधायला सुरुवात झाली. दुपारची वेळ. ओहोटी लागलेली.

मामांनी एक झटका दिला.

उत्तर आलं... तीन.

अजून तार सोड. मामांनी सोडली. पुन्हा तीन. पुन्हा सोडली. मामांना वाटलं, हिने खाली गुंता केलेला दिसतोय. कोपरा काही इतका लांब नव्हता. तरी त्यांनी अजून थोडी सोडली.

मग काहीच नाही.

त्यांनी झटका दिला. थांबले. परत दिला. तार सैल लोंबत राहिली. पाणी प्यायला गेली असेल म्हणून ते बिडी ओढत बसले. बिडी संपली. मग ते बांध ओलांडून खाली गेले.

कोपऱ्यावर कुणीच नव्हतं.

तार शेवटच्या वाशाच्या पुढे, चिखलातून सरळ पाण्याच्या दिशेने गेलेली होती. तिचं टोक उघडं पडलेलं होतं. आणि चिखलावर पाऊल एकही नव्हतं.

गावातल्या होड्या फिरल्या, जाळी फिरवली. फौजदार येऊन कोपरा बघून गेले. काशीमामी मिळाली नाही. जिवंत नाही, मेलेली नाही.

खाडीचा गाळ अख्खी म्हैस गिळतो, असं अर्धे म्हणाले. उरलेल्या अर्ध्यांनी दुसरंच म्हटलं. महिन्याभरात चिंधू सांगत आला की, भिवंडीत कामतघरला एका चाळीच्या नळावर काशीवहिनी दिसली. चिंधू मामांचा चुलतभाऊ. तिथेच लूमवर कामाला. त्याने पाठमोरी पाहिली होती, हाक मारेपर्यंत ती गल्लीत शिरली म्हणे. झालं. काशी कुणा मागवाल्याचा हात धरून गेली, हे गावाने लगोलग ठरवून टाकलं.

मामांचं काय झालं असेल, बघा. बायको मेली म्हणून रडावं, तर मेली कुठे? पळाली म्हणून संतापावं, तर पळाली कशावरून? घरात तिची लुगडी दोरीवर होती ती तशीच होती. ना काढली, ना घडी घातली. दिवस घालायचे तर काशीची आई आनंदीबाई अंगावर धावून आली. "माजी पोर जित्ती हाय. कामतघरला हाय. खबरदार कुनी तिचे दिवस घातले तर."

ती बाई दर आठवड्याला भिवंडीला जायची आणि कामतघरच्या चाळींतून फिरायची. एकेका नळावर उभी राहायची. लेकीने तोंड काळं केलं असेल तरी चालेल, पण ती असू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

मामा काहीच करायचे नाहीत. उठायचे, कामाला जायचे, जेवायचे, झोपायचे. आई सांगते, एकदा त्यांच्या हातावर चुलीतला निखारा पडला. त्यांनी बघितलं आणि हळूच झटकून टाकला. जणू कुणा दुसऱ्याचा हात होता.

वर्ष गेलं.

मे महिन्यात केसरीनाथदादा घरी आले. दादा भला माणूस. म्हणाले, "सावळा, तुना सांगाया जीभ रेटत न्हाय. पन गुरं आत येतान. मागल्या साली राबावरची भाताची समदी रोपं खाल्ली. दुसरा कुनी त्या कोपऱ्यात जाया तयार न्हाय."

"मी करतो," मामा म्हणाले.

"मन व्हईल ना तुजं?"

"काम हाय ना? मंग करतो."

त्या दिवसांत वीजकपातीने माग बंद पडले होते, म्हणून चिंधू मोकळा होता. मामांनी त्याला सोबत घेतलं. चिंधूला नको होतं, पण घरी बसून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा बरं म्हणून तो आला.

पहिल्या दिवशी दोघं खाली जाऊन आले. मामीने रोवलेले वासे सगळे फुटले होते. प्रत्येकाला हिरवी पानं. ओळ कशी सरळ, दोरी धरल्यासारखी. मामांनी एकेका वाशाला हात लावून हलवून बघितलं. एकही हलला नाही.

"वैनीचा हात चांगला व्हता," चिंधू म्हणाला.

मामांनी पुढच्या वाशाला हात घातला. त्यांना काही वाटलंच नव्हतं. नंतर मला सांगताना ते म्हणाले, "मी वासं बगत व्हतो. माती बगत व्हतो. तेवढंच दिसत व्हतं."

दुसऱ्या दिवशी तार लावायला घेतली. जेवणं उरकली होती. ओहोटी होती. मामांनी चिंधूला खुणा समजावल्या, तारेचं टोक त्याच्या हाती दिलं. चिंधू टोक घेऊन बांधापलीकडे गेला. मामा वर बंडलापाशी बसले.

थोड्या वेळाने त्यांनी एक झटका दिला.

लगेच एक झटका आला. तयार.

मामांनी पहारीने तार ताणायला घेतली. थोडी ताणली. दोन झटके आले. थांब. ते थांबले. मग एक झटका. ओढ. त्यांनी ओढली. काम कसं झरझर चाललं होतं. मामांना वाटलं, चिंधू लूमवर फुकट गेला, याचा हात तर तारेला चांगला बसलाय.

आणि मागून आवाज आला...

"सावळादादा, बिडी हाय का रं? माजी भिजली."

मामांनी वळून बघितलं. चिंधू. गुडघ्यापर्यंत चिखल. हातात पाण्याचा तांब्या.

"तू हितं कवा आलास?"

"मगाशी आलो. तहान लागली. तार वाशाला आडकवून ठिवली हाय."

मामांच्या हातात तार होती. त्यांनी ती चिंधूसमोर धरली.

तार हलली. एकदा.

चिंधूने बघितलं. मग त्याने बांधाकडे बघितलं. वारा पडलेला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. एकही बगळा नव्हता, आणि खाडीकडून कसलाच आवाज येत नव्हता.

"ढोर आडकलं आसंल," चिंधू म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच पटला नाही.

मामांनी दोन झटके दिले. थांब.

तार थांबली.

मामांनी काहीच दिलं नाही. नुसती धरून ठेवली. चिंधू श्वास रोखून बघत होता. आणि मग हळूहळू, नीट, एकामागून एक...

तीन.

चिंधूच्या हातून तांब्या पडला. तो तांब्या तिथेच टाकून जो सुटला तो सरळ रस्त्याला लागला. त्या जमिनीवर त्याने पुन्हा पाय ठेवला नाही. पुढे चाळीस वर्षं त्याला दारात कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा खपायची नाही.

मामा उठले. अंगावरची धूळ झटकली आणि बांध ओलांडून खाली गेले.

"भ्यालात न्हाय?" मी त्यांना विचारलं होतं.

"भ्यायला आत कायतरी लागतं ना," ते म्हणाले.

कोपऱ्यावर कुणी नव्हतं. चिंधूने वाशाला अडकवलेली तार तिथे नव्हती. ती पुढे गेली होती. कोपऱ्याच्या वाशाच्या पलीकडे, चिखलात, एक नवा वासा उभा होता.

काल तो नव्हता. काल मामांनी एकेक वासा हलवून बघितला होता.

त्याच्या डोक्यावर शेणाचा गोळा. ओला. आणि बुडाशी गोल... टाचांचं कडं.

मामा त्याच्याकडे बघत उभे राहिले. त्यांच्या डोक्यात एकच हिशोब चालला होता. भरती दिवसातून दोनदा येते. भरती आली की चिखलावरचं सगळं पुसलं जातं. म्हणजे हे कडं आजच्या ओहोटीत पडलेलं. म्हणजे आत्ताचं.

आणि त्या वाशापर्यंत जाणारं पाऊल एकही नव्हतं.

तार त्या नव्या वाशाला बांधलेली होती. तारेने साल कापू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी घातलेली. ही मामीची सवय. ट्यूबच्या पट्ट्यांची पिशवी तिच्या कमरेला असायची. तिच्याबरोबर ती पिशवीही गेली होती.

मामांनी तार सोडवली नाही. ते घरी आले, जेवले आणि झोपले. झोप लागली, हे त्यांनी मला त्या एकाच बैठकीत दोनदा सांगितलं. त्याचंच त्यांना जास्त वाटायचं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ते गेले तेव्हा ओळ लांबली होती. कोपऱ्यापुढे आणखी वासे होते. सरळ ओळीत, खाडीच्या दिशेने. शेवटचा पाण्यात अर्धा बुडालेला. प्रत्येकाच्या डोक्यावर शेण. जे चिखलात होते, त्यांच्या बुडाशी कडी.

कुंपण कोपऱ्यावर वळायला हवं होतं. ते वळलं नव्हतं. ते सरळ चाललं होतं.

मामा तिथून थेट आनंदीबाईकडे गेले.

का गेले, ते त्यांनाही धड सांगता आलं नाही. त्या एका बाईला काशी जिवंत हवी होती. आपल्याकडे जे आहे ते तिला दाखवलं तर तिचं उरलंसुरलं जाईल, हे त्यांना कळत होतं. नुसतं कळत होतं. टोचत नव्हतं.

आनंदीबाई पडवीत बसून सुकट निवडत होती. जावई दारात बघून तिने पदर घेतला.

"कोपऱ्यावर चला," मामा म्हणाले.

"कशाला?"

"तुमी बगा. मना सांगता येत न्हाय."

म्हातारीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सुकटीचं सूप तसंच ठेवून ती उठली.

दोघं पोचले तेव्हा ओहोटी पुरती उतरली होती. ओळ उघडी पडली होती. पाणी मागे हटलं तसे आणखी वासे दिसायला लागले होते. आनंदीबाई बांधावर उभी राहिली. मग खाली उतरली. तीही खाडीचीच. चिखलात तिचा पाय रुतला नाही. ती पहिल्या नव्या वाशापाशी गेली, वाकली आणि कड्यातल्या एका टाचेच्या खड्ड्यात तिने बोट घातलं.



"डाव्या टाचंला भेग हाय," ती म्हणाली. "ल्हानपनी शिंपला लागला व्हता. मीच हळद भरली व्हती."

मामा उभे होते.

"मना न्हवतं बगायचं, सावळा." ती तशीच वाकून बोलत होती. "मी मनात धरलं व्हतं, तिकडं कुनाच्या तरी घरात हाय, भाकऱ्या थापतीय. चिंधूनं बगितली ती कोन व्हती मंग?"

"म्हाईत न्हाय."

"दुसऱ्याच कुनाची पोर," म्हातारी म्हणाली. ती उठली. तिने पदराने बोट पुसलं.

तेवढ्यात तार वाजली.

ताणलेल्या तारेवर नख मारावं तसा बारीक आवाज. दोघांनीही ऐकला. मामा बांध चढून वर बंडलापाशी गेले. आनंदीबाई त्यांच्या मागे आली. मामांनी तार उजव्या हाताने धरली. इतकी वर्षं तार याच हाताने धरली होती, पण गोणपाटाचा तुकडा हाताला गुंडाळून. या वेळी त्यांनी गोणपाट घेतलं नाही. सुचलंच नाही.

एक झटका दिला.

तीन आले.

मामांनी तार सोडली. बंडल हळूहळू फिरायला लागलं. खाली कुणीतरी चालत निघावं, तशी तार जाऊ लागली. घाई नाही, ओढाताण नाही. मधेच थांबायची. तेवढ्यात एखादा वासा रोवून, टाचेने माती दाबून व्हावी, इतका वेळ थांबायची. मग पुन्हा निघायची.

मामांना वाटलं, संपेल. संपत नव्हती. बंडल अर्धं झालं. मग पाव. भरती लागली. बांधापलीकडे पाण्याचा आवाज यायला लागला. तार पाण्याखालून जात होती तरी थांबत नव्हती.

शेवटी बंडल संपलं. टोक मामांच्या मुठीत आलं.

तीन झटके.

"तार न्हाय आता," मामा म्हणाले. मोठ्याने. वर्षभरात मामीशी बोललेलं पहिलं वाक्य.

पुन्हा तीन. या वेळी जोरात.

मामांनी मूठ आवळली. तार ओढली जात होती आणि मामा सोडत नव्हते. त्यांचे पाय मुरमातून घसरायला लागले. ते बसले, टाचा रोवल्या. तरी घसरत होते, बांधाच्या दिशेने. तारेचे काटे तळहातात शिरले होते. त्यांना ते दिसत होतं. मनगटावरून रक्त कोपरापर्यंत आलेलं दिसत होतं. आत काहीच पोचत नव्हतं.

"सोड," आनंदीबाई म्हणाली.

त्यांनी सोडलं नाही.

"सावळा, सोड. ती तुना न्ह्याया न्हाय आली. तिला काम पुरं करायचं हाय. सोड तिला."

"मंग माज्याकडं काय ऱ्हाईल?"

म्हातारी त्यांच्या शेजारी खाली बसली, त्यांची बोटं एकेक करून उलगडली. आधी करंगळी. मग पुढची. तळहात उघडला तसं टोक सणकन निघून गेलं. गवतातून, बांधावरून, पलीकडे. पाण्यात काही पडल्याचा आवाज आला नाही.



त्या संध्याकाळी मामा आमच्या घरी आले. आईने हाताला फडकं बांधलं. काय झालं, विचारलं. तार लागली, एवढंच ते म्हणाले. आईने ताट वाढलं. भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण. मामा डाव्या हाताने जेवेनात, म्हणून त्यांनी फडकं सरकवलं आणि उजवा हात ताटात घातला.

कालवणातलं मीठ जखमेत गेलं.

आई सांगते, सावळादादाने हात ताटातून काढला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दुखतंय गं." मग पुन्हा म्हणाला, "लई दुखतंय." आणि तिथेच, ताटावर वाकून, तो रडायला लागला. आईने चूल विझू दिली. तिने त्याला थांबवलं नाही.

पुढच्या आठवड्यात काशीमामीचे दिवस घातले. आनंदीबाईनेच गावाला सांगून घातले. ती पुन्हा कामतघरला गेली नाही.

कुंपण मामांनी पुरं केलं. नवं बंडल आणलं, कोपऱ्यावर तार वळवली. कोपऱ्यापुढची ओळ मात्र त्यांनी उपटली नाही. केसरीनाथदादांनीही कधी विचारलं नाही. त्यातले चिखलातले वासे जगले. मी लहानपणी ती झाडं पाहिली आहेत. खाडीत उतरणारी भेंडाची सरळ ओळ. येणारे-जाणारे विचारायचे, ही कुणी लावली? दादा म्हणायचे, "आमच्या काशीनं." एवढंच.

इथवर सगळं मामांचं झालं. आता माझं थोडंसं.

मामा जाऊन सहा वर्षं झाली. जाण्याआधी एका सुट्टीत ते आमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा मागच्या दारी कपडे वाळत घालायला त्यांनी तार बांधून दिली. एक टोक भिंतीतल्या हुकाला, दुसरं जांभळाला. छान ताणून. साधी तार, काटे नसलेली.

गेल्या मे महिन्यात, दुपारी, मी तिच्यावर ओला टॉवेल टाकला. घरात कुणी नव्हतं. वारा पडलेला होता. मी हात काढून घेणार, एवढ्यात तार हलली.

जांभळाच्या बाजूने.

एक... दोन... तीन.

जांभळाखाली कुणी नव्हतं. मग मी घरात आलो आणि दार लावून घेतलं. टॉवेल तिथेच राहिला. ती तार मी काढून टाकावी म्हणून बायको मागे लागली आहे. पण तार काढायची तर एक टोक आधी सोडावं लागतं, आणि ते मला जमत नाही.

मला त्या खुणेचा अर्थ माहीत आहे. तिचं कुंपण अजून संपलेलं नाही, आणि आता तिकडे ती एकटीही नसेल, मामाही तिच्या जोडीला असतील. पण माझ्याकडे सोडायला तार नाही, आणि तार संपली याची खूण त्या दोघांत कधी ठरलीच नव्हती. हे मी तारेला हात लावून कसं सांगू?